सही माझी नाही

वेंगुर्ले, ६ जानेवारी २०२५

रिशेल,

चार दिवस शेजारची तन्वी तुला फोन लावते आहे आणि तू उचलत नाहीस. फोनवरचं मला आता नीट ऐकू येत नाही, तरी काल मी स्वतः तो कानाला धरून बसले. नुसता वाजत राहिला. म्हणून पत्र. छत्तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं, मायना कुठे आणि तारीख कुठे ते फळ्यावर काढून दाखवलं, आणि आज मला शामाय म्हणणाऱ्या स्वतःच्या नातीला लिहिताना मायन्यापाशीच अडले. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

तहसील कचेरीतून माझ्या नावे नोटीस आली आहे. तन्वीने अंगणात उभ्या उभ्या वाचली आणि मला म्हणाली, "बाई, ह्या काय लिवलानी? तुम्ही पोर्तुगीज?" मग मी चष्मा लावून स्वतः वाचली. गोव्यात एका एजंटाच्या घरी पोलिसांची धाड पडली. त्याच्याकडे लोकांच्या फायली सापडल्या, त्यात एक माझी. तिच्याप्रमाणे जुलियाना रेबेलो, जन्म १९३७, पेडणे महाल, हिने दोन वर्षांपूर्वी आपला जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवून घेतला आणि ती पोर्तुगालची नागरिक झाली. तेव्हा तिचं नाव मतदार यादीतून का काढू नये, आणि स्वातंत्र्यसैनिक म्हणून दिलेलं सन्मानपत्र परत का घेऊ नये, याचा खुलासा तिने वीस तारखेला समक्ष येऊन करावा.

सोबत अर्जाची झेरॉक्स आहे. खाली माझी सही.

मी सही एका दमात करते. शाळेच्या हजेरीपटावर रोज केलेली सही आहे ती, हात थांबत नाही. ह्या सहीत 'लि'पाशी पेन उचललेलं आहे. अक्षर आधी काढलं आणि वेलांटी मागून चिकटवली. दुसरीत असताना ह्याच वेलांटीवरून तू रडली होतीस, आणि मी म्हटलं होतं, असू दे, तुझ्या हाताला तसंच येतं तर तसंच काढ.

तीन वर्षांपूर्वी तू तो अर्ज जेवणाच्या टेबलावर ठेवलास. पोर्तुगीज अमलात जन्मले म्हणून माझा जन्म तिथे नोंदता येतो, तो नोंदला की त्यावरून तुझ्या पप्पाचा, आणि त्यावरून तुझा. मग पासपोर्ट, मग युरोप. मी नाही म्हटलं. तू ताटावरून उठलीस. सहा महिने आपण एका घरात राहून एकमेकींशी कामापुरतं बोललो. मग तू म्हणालीस की आयर्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नोकरी लागली, एजन्सीने सगळं केलं. मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर ठेवायचा ठरवला, कारण न ठेवते तर विचारावं लागलं असतं.

तेव्हा आता तुला काही विचारत नाही. मला कळलं आहे, एवढं तुला कळावं.

शामाय


वेंगुर्ले, २१ जानेवारी २०२५

रिशेल,

काल कचेरीत जाऊन आले. तन्वीने रिक्षा आणली. पायऱ्या मी माझ्या चढले.

अधिकारी म्हणजे एक तरुण बाई, सलोनी परब. वैभववाडीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. मला बसायला सांगून स्वतः उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्यांना बसवलं. माझ्यासाठी कोणी उभं राहिलं की मला एकोणीस डिसेंबरची, गोवा मुक्तिदिनाची, शाळेतली सभा आठवते आणि मला ती सभा आवडत नाही. तिथे मुलं माझ्या पाया पडतात आणि मी दरवर्षी तीच गोष्ट सांगते, अर्धीच.

त्यांनी झेरॉक्स पुढे केली. ही सही तुमची का?

नाही म्हटलं.

मग कोणाची?

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. पुन्हा मोठ्याने विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं, खुर्ची माझ्याकडे ओढली आणि हळू आवाजात मालवणीत आल्या. "आज्ये, त्या एजंटान केल्यान असा लिवन दिया. तो आधीच पकडलेलो आसा. तुमचा नाव रवतला, कोणाक तरास नाय."

किती सोपं होतं. त्या बाईच्या मनात माझ्याबद्दल माया होती म्हणूनच त्या म्हणाल्या. पण त्या एजंटाने ती सही केलेली नाही, आणि हे जगात आपल्या दोघींनाच माहीत आहे. दुसऱ्याने न केलेलं त्याच्या नावावर मी लिहून देणार नाही, मग तो कितीही लबाड असो. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग माझ्या हातात काही राहत नाही. मी म्हटलं, तुमचं काम तुम्ही करा, नाव काढायचं तर काढा. फक्त माझं म्हणणं लिहून घ्या, माझ्या शब्दांत.

त्यांनी लिहून घेतलं. "माझा जन्म पोर्तुगीजांच्या हद्दीत झाला. त्यांची मी कैदी होते, तीन वर्षं सात महिने. त्यांची नागरिक मी तेव्हा नव्हते आणि आज नाही. त्यांच्या दप्तरात माझं नाव कोणीही घालो, मी ते मानत नाही." खाली सही केली. एका दमात.

पुढची तारीख दहा मार्च मिळाली आहे.

आता जी गोष्ट मी शाळेत अर्धी सांगते ती तुला पूर्ण सांगते. तुला मेणबत्त्यांपर्यंतची माहीत आहे. आरोंद्याला मावशीकडे मी शिकायला होते. मावशी चर्चसाठी मेणबत्त्या करायची आणि शनिवारी मी त्यांची पाकिटं घेऊन शिवाच्या होडीतून तेरेखोल नदी ओलांडून घरी जायची. पलीकडे नाक्यावर गोरे शिपाई असत, आम्ही त्यांना पाखले म्हणायचो. इगर्जीच्या मेणबत्त्या म्हटलं की ते सोडत. सन पंचावन्नच्या ऑगस्टमध्ये सत्याग्रही हद्दीत शिरले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जखमींतला एक माणूस शिवाच्या होडीत, माझ्या डोळ्यांसमोर गेला. त्यानंतर शिवा आणि त्याची बहीण सावित्री सुरुंगाच्या कांड्या आणू लागली, दगडाच्या खाणीत लावतात त्या. आकाराने मेणबत्तीसारख्याच. सावित्री त्या कागदात गुंडाळून पाकिटाच्या तळाशी भरायची आणि वर खऱ्या मेणबत्त्या रचायची.

शिवा पहिल्या दिवशी म्हणाला होता, "तुका भ्या वाटता तर रवांदे." मी म्हटलं, "वाटता. पण मी जातंय." अठरा वर्षांची होते. त्या कांड्यांच्या वासाने डोकं असं दुखायचं की घरी पोचल्यावर मी पडून राहायची, आणि घरी ऐकावं लागायचं, ह्या पोरीला ऊन सोसत नाही.

शाळेत सांगते की फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी त्या कांड्यांनी आतल्या रस्त्यावरचा नाका उडवला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. ते खरं आहे. शिपाई मिरवणूक बघायला गेले होते. पण ते गेलेत की नाही हे मी विचारलं नव्हतं. ते आत असते तरी मी पाकीट पोचवलंच असतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पाद्रीबाबलासुद्धा नाही.

चौथ्या खेपेला पकडले गेले. उन्हाने कांड्यांना घाम सुटला आणि पाकिटाच्या कागदावर तेलाचा डाग आला. मेणाचा डाग तसा नसतो. तो शिपाई शेतकऱ्याचा मुलगा असावा, त्याने बोट लावून वास घेतला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने पाकीट इतक्या हळू खाली ठेवलं की मला हसू आलं. त्या हसण्याबद्दल पहिली थप्पड बसली.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. कोणी दिलं? तीन दिवस मी बोलले नाही. चौथ्या दिवशी एक नाव सांगितलं. आमच्या वाड्यावरचा मिंगेल. त्यांनी जीप काढली, दोन दिवस मिंगेलला शोधला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांना सिमितेरीत नेऊन त्याचा क्रूस दाखवला. मिंगेल पावसाच्या आधीच तापाने वारला होता. त्यानंतर त्यांनी मला जे मारलं त्यामुळे ह्या उजव्या कानाने मला तेव्हापासूनच कमी येतं. म्हातारपणाने नाही. तुला मी म्हातारपण सांगत आले.

आज इथे थांबते. हात दुखतो.

शामाय


वेंगुर्ले, १३ फेब्रुवारी २०२५

रिशेल,

तुझा निरोप तन्वीच्या फोनवर आला. तिने तो मला वाचून दाखवला नाही, फोन हातात दिला आणि स्वतः विहिरीकडे निघून गेली. मी दोनदा वाचला.

तू म्हणतेस, सही माझीच आहे असं मी सांगावं. नाहीतर तुझ्यावर गुन्हा होईल, पासपोर्ट जाईल, नोकरी जाईल. तू म्हणतेस, ते पाखले आता राहिले नाहीत, ज्यांच्याशी मी भांडत होते ते सगळे मेले, आणि मी मात्र अजून त्यांच्याशीच भांडते आहे. तू म्हणतेस की माझ्या स्वातंत्र्याने तुझ्या पप्पाला काय दिलं? परक्या बोटीच्या इंजिनखोलीत तो गेला आणि शवपेटी आली. तुला काय दिलं? नर्सिंगचा कोर्स करून चार वर्षं कराराची कामं.

ह्यातलं बरंचसं खरं आहे. मी वाद घालणार नाही. स्टॅनलीला बोटीवर जायचं नव्हतं. त्याला इथेच वर्कशॉप काढायचं होतं आणि ते झालं नाही. तो गेला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, आणि तुझी आई त्याच्या आधीच गेलेली. तुझ्या वेण्या घालताना मी पुष्कळदा मनात म्हटलं आहे की ह्या पोरीला कुठेतरी चांगलं जाता यावं. तू गेलीस ह्याचा मला राग नाही. तू जर्मनीला जा, आयर्लंडला जा, चंद्रावर जा.

राग ह्याचा आहे की ज्या एका गोष्टीला मी आयुष्यात नाही म्हटलं, तिच्याखाली तू माझं नाव लिहिलंस. नुसतं लिहिलं नाहीस, माझ्यासारखं लिहिलंस. बसून सराव केला असशील. माझी जुनी पत्रं समोर ठेवून केला असशील.

आता उरलेली अर्धी.

मला पकडल्यावर दीड महिन्याने त्यांनी माईला आणलं. माई, माझी आई. तुला सांगितलं होतं की मी लहान असताना ती तापाने गेली. ती माझ्या लहानपणी गेली नाही. ती त्या चौकीत आली, काळी साडी नेसून, पायांत चप्पल नव्हती. नाक्यापासून चालवत आणली होती. तिला माझ्यासमोर बसवलं आणि शेफ, म्हणजे त्यांचा मोठा अधिकारी, बाहेर गेला. मुद्दामच.

माई माझ्याकडे बघत राहिली. माझा कान सुजलेला होता. मग म्हणाली, "एक नांव सांग गो बाये. एकूच. आनी चल घरा."

मी बोलले नाही. तिने माझा हात धरला. ती म्हणाली की घरात दुसरं कोणी नाही, भात कापायचा राहिला आहे, शेजारचे लोक अंगणातून जायचे थांबले आहेत. शिवाचं नाव तिला माहीत होतं. होडी त्याची होती, तिला माहीत नसेल कसं? ती स्वतः सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. मी सांगावं असं म्हणत राहिली. हे कोडं मी सत्तर वर्षं उलगडते आहे.

मी भिंतीकडे तोंड केलं. ती गेली तेव्हा मी वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर सांगितलं असतं. ती पुन्हा आली नाही. मी सुटायच्या आधीच्या वर्षी ती वारली आणि मला दोन महिन्यांनी कळलं.

शिवाला सात नातवंडं झाली. सावित्रीला चार. दोघं म्हातारे होऊन आपल्या घरात गेले. मला कोणी विचारलं की पुन्हा तसंच करशील का, तर हो. माईचं वाईट वाटतं का, तर रोज. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. शाळेतल्या मुलांना हे सांगता येत नाही म्हणून सांगत नाही. तुला सांगायला हवं होतं. मी तुला शूर आजी दिली आणि खरी झाकून ठेवली. हा माझा दोष.

तर ऐक. सही माझी आहे असं मी सांगणार नाही. कोणाची ते पण सांगणार नाही. मला अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी नाव सांगायला शिकवू नकोस. माझं मत गेलं तर जाऊ दे, सन्मानपत्र भिंतीवरून काढून मी स्वतः कचेरीत नेऊन देईन. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, मला विचारणारा पाखलो असो की आपला.

पण शिवाचं नाव मी लपवलं तेव्हा माझी मान ताठ होती. तुझं लपवताना ती खाली जाते. सलोनीबाई माझ्याकडे बघतात आणि मी टेबलाकडे बघते. हे मला पहिल्यांदाच होतं आहे.

काय करायचं ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं हे तुला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही.

शामाय


वेंगुर्ले, ११ मार्च २०२५

रिशेल,

काल तारीख होती. मी सन्मानपत्र भिंतीवरून उतरवून पिशवीत घेतलं होतं. तन्वी आदल्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हती. तिचं म्हणणं, बाई, तुम्ही हट्टी आहात आणि ती पोरगी पण तुमचीच. मी म्हटलं, हो.

खोलीत गेले तर सलोनीबाईंच्या पुढे एक कागद होता. त्यांनी तो माझ्याकडे फिरवला. डब्लिनच्या आपल्या वकिलातीत जाऊन, अधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. मी रिशेल स्टॅनली रेबेलो. माझ्या आजीने स्पष्ट नकार दिल्यावर मी तिच्या नावाची सही केली. तिला ह्याची कल्पना नव्हती. एजंटाने अर्ज भरला, सही मीच केली.

खाली तुझी सही. तुझी स्वतःची. 'रि'ची वेलांटी मागून काढलेली.

मला पाणी लागलं. सलोनीबाईंनी दिलं. मग त्या म्हणाल्या की माझं नाव यादीत राहील, सन्मानपत्र घेऊन घरी जा, लिस्बनची नोंद रद्द करायला वरून पत्र जाईल. आणि मग जरा घुटमळून म्हणाल्या की ज्यांच्या नावाचा गैरवापर झाला त्या मीच, म्हणून माझी तक्रार लागेल. पोलिसांत द्यायची आहे का?

मी म्हटलं, "तक्रार आहे. ती मी घरी करीन."

त्या म्हणाल्या, आजी, तशी तरतूद नाही. पण तुम्ही तक्रार दिली नाहीत तरी प्रकरण चालेल, कारण तिने स्वतः लिहून दिलं आहे. मी म्हटलं, चालू दे. तिने लिहून दिलं ते तिला निभावू दे. मी कोर्टात तिच्या मागच्या बाकावर बसेन. मला साक्षीला बोलावलं तर सही माझी नाही एवढंच सांगेन, आणि पुढचं तिला विचारा म्हणेन, ती सांगते.

हे मी मान वर करून म्हटलं.

वकिलाचं बघितलं आहे. सावंतवाडीच्या आनंदी नाईक म्हणून आहेत, माझ्या शाळेतल्या. त्या म्हणाल्या, स्वतः येऊन हजर झाली तर कोर्ट ते बघतं, पण काही नाही असं मी म्हणणार नाही, बाई. मला हे आवडलं. खोटा धीर देणाऱ्या वकिलाकडे तुला नेलं नसतं.

शामाय


वेंगुर्ले, ३० मार्च २०२५

रिशेल,

नोकरी सोडून परत येते आहेस, हा तुझा निरोप मिळाला. आश्रमातल्या आजींनी तुला सोडताना रडून घेतलं, त्यातली एक तुझ्या हातचंच खायची, हेही वाचलं. तिला माझा नमस्कार सांगता आला तर सांग. मला तिचा थोडा हेवा वाटला.

तू विचारलंस, मी एवढ्या वर्षांत तुला हे का सांगितलं नाही, माईचं. मला भीती होती की तू विचारशील, मी भिंतीकडे तोंड केलं तशी तुझ्याकडेही पाठ करीन का. तीन वर्षांपूर्वी तू टेबलावरून उठलीस तेव्हा मी केलीच. तुला हाक मारायला हवी होती. सही केली नसती, पण हाक मारायला काय झालं होतं? हे मी तुझ्या गुन्ह्यातून वजा करत नाही. तो तुझा आहे. पण ते टेबल दोघींचं होतं.

तू मोपाला उतरणार. ते विमानतळाचं पठार आमच्या पेडण्यातलंच. लहानपणी आम्ही तिथे करवंदं काढायला जायचो. तन्वी गाडी घेऊन येते आहे, मीही येणार. तू नको म्हटलंस, एवढ्या लांब उन्हात कशाला म्हणून. मी तुझं ऐकणार नाही, हे तुला माहीत असायला हवं.

पासपोर्ट कोणता दाखवायचा, काय विचारतील, ते आनंदीबाईंनी तुला कळवलं आहे. विचारतील त्याचं उत्तर सरळ दे. रडू आलं तर रड, पण उत्तर दे. आत कितीही वेळ लागला तरी आम्ही बाहेर असू.

माझा राग गेलेला नाही. तू येईपर्यंत जाईल असंही वाटत नाही. तुलाही माझा आला असेल, तोही घेऊन ये. वाटेत गाडीत तन्वीसमोर भांडायचं नाही, ती घाबरते. घरी आल्यावर आधी जेवू, मग दार लावून घेऊ, आणि मग मी तुला जे बोलायचं आहे ते सगळं बोलेन. डाव्या बाजूला बस म्हणजे तुझं मला ऐकू येईल.

तुझी शामाय